कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड निवडायचं तर सुरुवात कार्डांपासून करू नये. आधी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढावं आणि एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या अंगावर चिकटवलेला कागद वाचावा. वर ठळक आकड्यांत '450 वॅट' असं काहीतरी छापलेलं असतं, तिकडे बघायचं नाही. खाली बारीक टायपात एक तक्ता असतो, त्यात +12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं. कॅबिनेटबरोबर फुकटात आलेल्या, नाव-गाव नसलेल्या एसएमपीएसवर तिथे 14 किंवा 16 असा आकडा सापडतो. 12 गुणिले 14 म्हणजे 168 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघांचीही भूक याच 12 व्होल्टवर भागायची असते. 65 वॅटचा प्रोसेसर आपला वाटा घेऊन गेला की कार्डासाठी उरले शंभर. कागदावरचे बाकीचे वॅट 5 आणि 3.3 व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले असतात, आणि गेम खेळताना त्यांचा फारसा उपयोग नसतो.

अशा एसएमपीएसवर 132 वॅटचं कार्ड लावलं तर विंडोज सुरू होतं, गेमचा मेनू दिसतो, संगीतही वाजतं. पहिली चकमक झडली की कॉम्प्युटर फटकन बंद. मग कार्ड दुकानात परत जातं, दुकानदार आपल्या मशीनवर लावून दाखवतो, कार्ड ठणठणीत निघतं आणि दोघांचीही तोंडं वाकडी होतात.

हे सगळं कुरवंड्यासारख्या ठिकाणी जास्त नीट समजून घ्यायला हवं. लोणावळ्याला लागून, नागफणीच्या कड्याशेजारचं हे गाव. शनिवार-रविवारी पर्यटकांची वर्दळ, जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस. क्रिकेटचं मैदान चार महिने चिखलात असतं, तेव्हा पोरांच्या संध्याकाळी स्क्रीनसमोर जातात. कार्डाचं दुकान जवळ नाही. पुण्याचा टिळक रोड गाठायचा तर लोकलने दीडेक तास, मुंबईचा लॅमिंग्टन रोड त्याहून लांब. चुकीचं कार्ड आणलं तर बदलून आणायला एक दिवस जातो, आणि पावसात तो भिजलेला दिवस असतो.

ग्राफिक्स कार्ड करतं काय, ते आकड्यांत बघितलेलं बरं. साध्या फुल एचडी मॉनिटरवर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. गेम सेकंदाला 60 वेळा चित्र बदलत असेल तर कार्डाला दर सेकंदाला साधारण 12 कोटी 44 लाख ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. त्यात सावल्या, प्रकाश, धूर, पाण्यातलं प्रतिबिंब सगळं आलं. एका चित्रासाठी मिळणारा वेळ जेमतेम 16.7 मिलिसेकंद. मॉनिटर 1440पी घेतला की ठिपके 36,86,400 होतात, काम जवळपास पावणेदोन पट वाढतं. म्हणून वीस-तीस हजारांच्या कार्डाबरोबर 1440पीचा मॉनिटर घेणं हा हौसेचा मामला आहे. फुल एचडी घ्यावा आणि उरलेले पैसे कार्डात घालावेत.

या कामाला लागणारी चित्रं, म्हणजे भिंतींचे पोत, चेहरे, झाडांची पानं, कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवलेली असतात. तिला व्हीरॅम म्हणतात. ती भरली की राहिलेला माल मदरबोर्डवरच्या रॅममध्ये जातो आणि दर वेळी पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमधून ये-जा करतो. खरा घोळ इथे होतो. एएमडीच्या आरएक्स 6600 या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला 224 जीबी माल हलवते. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर आठ लेनमधून, म्हणजे माल वाहणाऱ्या आठ वाटांमधून मात्र सेकंदाला आठ जीबीसुद्धा पुरते जात नाहीत, आणि चारच लेन असतील तर चार.

फेब्रुवारी 1661 मध्ये मुघल सरदार कारतलबखान याच कुरवंडे घाटाने कोकणात उतरला. फौज मोठी होती, पण खाली उंबरखिंडीत वाट इतकी चिंचोळी झाली की त्या संख्येचा त्याला काही उपयोग झाला नाही. शिवाजी महाराजांच्या मोजक्या मावळ्यांनी त्याला शरण यायला लावलं. कार्डाच्या खोक्यावरचे कोअर आणि मेगाहर्ट्झ ही फौजेची गणती झाली. निकाल लागतो तो खिंडीत, आणि ती कुठे आहे हे ज्याच्या त्याच्या कॅबिनेटवर अवलंबून असतं. माझ्या मते स्वस्त कार्डांच्या चर्चेत हीच बाब सर्वांत कमी बोलली जाते. चाचण्यांचे सगळे आलेख महागड्या प्रोसेसरवर, हजार वॅटच्या एसएमपीएसवर काढलेले असतात. गावात कुणाकडे असतं तसलं मशीन?

असतो तो बहुधा रिफर्बिश्ड डेस्कटॉप. पुण्यातल्या आयटी कंपन्या काही वर्षांनी आपले डेस्कटॉप बदलतात, ते झाडूनपुसून बाजारात येतात आणि नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. मशीन दणकट, पण ऑफिससाठी केलेलं. कॅबिनेट अरुंद, त्यामुळे अर्ध्या उंचीचंच, म्हणजे लो-प्रोफाइल कार्ड मावतं. एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा, बाजारातला दुसरा बसत नाही. त्यातून कार्डासाठी जादा वायरही निघत नाही. म्हणजे कार्डाने फक्त स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॅटवर भागवायचं. आत सहाव्या पिढीचा, चार कोअरचा आय-5 6500 असेल तर तो 2015 चा. विंडोज 11 त्याला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

अशा मशीनला पर्याय मोजकेच. एप्रिल 2019 मध्ये आलेलं जीटीएक्स 1650, चार जीबीचं, 75 वॅटचं. लो-प्रोफाइल रूपात ते सेकंडहँड बाजारात अजून फिरतं. फेब्रुवारी 2024 मधलं आरटीएक्स 3050 चं सहा जीबीवालं रूप, 70 वॅटचं. आज अरुंद कॅबिनेटसाठी नवं घ्यायचं तर मी हेच सांगेन. एएमडीचं आरएक्स 6400 फक्त 53 वॅट खातं आणि पहिल्या नजरेत फार गोड वाटतं, पण त्याला स्लॉटच्या चारच लेन आहेत. जुन्या बोर्डवर, तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये, ते बरंच मंदावतं. इंटेलचं आर्क मालिकेतलं लहान कार्डही मापात बसतं, पण आर्क कार्डांना रिसायझेबल बार नावाची सोय लागते. इंटेलच्या बाजूने ती दहाव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे आहे. सहाव्या पिढीच्या मशीनला आर्क लावणं म्हणजे पैसे देऊन अडखळणं विकत घेणं.

वर '3050 चं सहा जीबीवालं रूप' असं म्हटलं, तिथे थोडं थांबायला हवं. जानेवारी 2022 मध्ये आलेलं मूळ आरटीएक्स 3050 हे आठ जीबीचं, 2560 कोअरचं, 130 वॅटचं होतं. दोन वर्षांनी त्याच नावाने सहा जीबीचं कार्ड आलं: कोअर 2304, मेमरीची रुंदी 128 बिटवरून 96 बिट. फरक फक्त मेमरीचा आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं, प्रत्यक्षात कार्डच वेगळं आहे. आपापल्या जागी दोन्ही चालतात, पण आठ जीबीवाल्याचा आलेख बघून सहा जीबीवालं घेऊ नये. एएमडीचं आरएक्स 6500 एक्सटी तर मला आजवर कुणाला सुचवावंसं वाटलेलं नाही. चार जीबी मेमरी, 64 बिट रुंदी, चार लेन, वर व्हिडिओ रेकॉर्डिंगसाठी लागणारं एन्कोडरचं हार्डवेअरही काढून टाकलेलं. ज्याला आपला खेळ रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचाय त्याला हे शेवटचं घरी गेल्यावर कळतं.

याहून वाईट प्रकार सेकंडहँड आणि ऑनलाइन बाजारात चालतात. जीटीएक्स 550 टीआयसारख्या पुराणकालीन चिपचं बायोस बदलून ते 'जीटीएक्स 1050 टीआय' म्हणून खपवायचं. विंडोजलाही ते नाव खरं वाटतं. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवलं तर ते बहुतेकदा नावापुढे 'फेक' असं सरळ छापतं. त्याआधीही एक खूण दिसते: 1050 टीआयच्या पिढीत जुना निळा व्हीजीए पोर्ट राहिलेला नव्हता. कार्डाच्या पाठीला तो दिसला की पुढचं बोलणं थांबवावं. आरएक्स 580 घेताना '2048एसपी' ही पुस्ती आहे का बघावं. असेल तर आतली चिप ताकदीने 570 ची असते.

आता ज्याच्याकडे सरळ टॉवर कॅबिनेट आहे आणि बऱ्या कंपनीचा 500-550 वॅटचा एसएमपीएस आहे, त्याचं काय? ऑक्टोबर 2021 मधलं आरएक्स 6600 हे कार्ड या वर्गात इतकी वर्षं टिकून राहिलं ते उगाच नाही. आठ जीबी, 132 वॅट, आठ पिनची एकच वायर. फुल एचडीवर आजही बहुतेक गेम मध्यम ते उच्च सेटिंगवर चालवतं. एनव्हिडियाचं आरटीएक्स 4060, जून 2023 चं, 115 वॅटमध्ये त्याच्या पुढे जातं आणि डीएलएसएस ही सोय देतं. यात गेम आतल्या आत 1280 गुणिले 720 वर चित्र काढतो आणि कार्ड ते फुल एचडीपर्यंत वाढवतं. नजरेला फरक फारसा जाणवत नाही आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या चित्रांचा आकडा, चांगला वाढतो. एएमडीची एफएसआर ही अशीच सोय जुन्या कार्डांवरही चालते, पण तिची चौथी, खरोखर सुधारलेली आवृत्ती कंपनीने 9000 मालिकेसाठी आणली. 'फ्रेम जनरेशन' म्हणून जे विकतात त्याला मात्र मी या किमतीत फार गुण देणार नाही. मुळात 30 एफपीएस येत असेल तर मधे खोट्या फ्रेम घालून आकडा 60 दिसतो, पण माऊस हलवल्यावर हात 30 चाच राहतो.

मे 2025 मध्ये आरटीएक्स 5060 आलं, जुलैत 5050. दोन्ही आठ जीबी, दोन्ही आठ लेनची. नव्या बोर्डवर तक्रार नाही. चार-पाच वर्षांपूर्वीच्या स्वस्त बोर्डवर, जिथे स्लॉट तिसऱ्या पिढीचा आहे, आठ जीबी भरले की मघाची खिंड आडवी येते. सरासरी 70 एफपीएस दाखवणारा गेम दर वळणावर क्षणभर थबकतो. जून 2025 मधलं आरएक्स 9060 एक्सटी पूर्ण 16 लेनचं आहे आणि त्याचं 16 जीबीचं रूप मिळतं. बजेट तिथपर्यंत ताणता येत असेल तर जुन्या बोर्डवाल्याने तेच घ्यावं. 8 जीबीचं 9060 एक्सटीही आहे, आणि दुकानात समोर बहुधा तेच ठेवलेलं असतं. इंटेलचं आर्क बी580 डिसेंबर 2024 मध्ये 249 डॉलरला 12 जीबी घेऊन आलं. कागदावर त्याला तोड नाही, पण प्रोसेसर दुबळा असला की ते अपेक्षेपेक्षा बरंच मागे पडतं, शिवाय 190 वॅटची भूक आहे. नवा प्रोसेसर असेल तरच.

डॉलरच्या किमती वाचून दुकानदाराला लुटारू ठरवण्याआधी एक हिशेब करावा. 299 डॉलरचं कार्ड. डॉलर 85 रुपयांचा धरला तर 25,415 रुपये. अमेरिकेतली जाहीर किंमत कराशिवाय असते. आपल्याकडे ग्राफिक्स कार्डावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 4,575. झाले 29,990. वाहतूक आणि वितरकाची कमाई अजून धरलेलीच नाही. त्यात 2025 च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्यावर मेमरी महागली, आणि जास्त व्हीरॅमच्या कार्डांना त्याची झळ आधी बसते. आकडे महिन्याला बदलतात, त्यामुळे इथे किमतींचा तक्ता देण्यात अर्थ नाही.

कार्डच नको असंही उत्तर असू शकतं. व्हॅलोरंट हा गेम किमान गरजेत इंटेल एचडी 4000 म्हणतो, म्हणजे 2012 च्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स. रायझन 5 5600जी किंवा 8600जीसारख्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स तो मजेत चालवतं. जीटीए फाइव्ह 2015 ला पीसीवर आला, त्यालाही फार काही लागत नाही. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेला 'राजी', ज्यात राजस्थानी वास्तुकलेचा थाट आहे, तोही मध्यम कार्डावर सुरेख दिसतो. उलट डिसेंबर 2024 चा इंडियाना जोन्सवरचा गेम किंवा मे 2025 चा 'डूम: द डार्क एजेस' यांना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलं कार्डच लागतं. ते नसलेलं जीटीएक्स 1660 सुपर एरवी कितीही चांगलं असलं तरी या दोन खेळांच्या यादीत नाही. तेव्हा पुढच्या दोन वर्षांत कोणते खेळ खेळायचे आहेत, ते आधी कागदावर लिहून काढावं.

सेकंडहँड घेताना लोक क्रिप्टो मायनिंगचं कार्ड म्हटलं की घाबरतात. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि कार्डांवरचं ते मायनिंग एका रात्रीत थांबलं; ढीगभर कार्डं बाजारात आली. त्यांच्या चिपा सहसा शाबूत असतात. झिजतात ते पंखे, आणि मेमरीवरचे थर्मल पॅड वाळतात. विकणाऱ्यासमोर पंधरा-वीस मिनिटं फरमार्क हे कार्डावर ताण टाकणारं सॉफ्टवेअर चालवावं, तापमान चढत जाऊन कुठे स्थिरावतं ते बघावं, पंख्याचा आवाज ऐकावा, स्क्रीनवर रंगीत ठिपके उमटतात का पाहावं. मायनिंगपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती वयाची. एनव्हिडियाने जीटीएक्स 900 आणि 1000 मालिकेसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 नंतर थांबवले, फक्त सुरक्षेचे अपडेट 2028 पर्यंत मिळतील. 1050 टीआय किंवा 1060 आता फुकटाच्या जवळ मिळालं तरच घ्यावं. त्याच महिन्यात एएमडीनेही 5000 आणि 6000 मालिका वेगळ्या ड्रायव्हर शाखेत टाकल्या, ओरड झाली, आणि नव्या खेळांचा आधार सुरूच राहील असं कंपनीला स्पष्ट करावं लागलं. आरएक्स 6600 घेताना ही गोष्ट डोक्यात असावी, पण तेवढ्यासाठी ते सोडू नये.

राहिला पाऊस. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पडतो, लोणावळ्याच्या पट्ट्यात चार हजारांच्या पुढे. जुलैत ढग खिडकीतून घरात येतात, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. बंद पडून राहिलेल्या कॉम्प्युटरला हेच मारतं. धूळ कोरडी असते तोवर पिनांना फारशी बाधत नाही. ओल धरली की ती पिनांमध्ये चिकटते आणि गंजाला सुरुवात होते. पावसाळ्यात मशीन दोन दिवसांतून एकदा तरी तासभर चालू ठेवावं, आतली उष्णता ओल घालवते. मे महिन्यात एकदा कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढून घ्यावी, कार्ड बाहेर काढून सोनेरी पिना पेन्सिलच्या खोडरबरने हलक्या हाताने पुसाव्यात. खिडकीशेजारी कॅबिनेट नको, जमिनीवर तर नकोच. एक खबरदारी मुंबई-पुण्याहून येताना घ्यावी: एसी गाडीतून थंड झालेलं कार्ड दमट घरात आल्याआल्या खोक्यातून काढून लावू नये, त्यावर दव धरतं. तास-दोन तास बंद खोक्यातच राहू द्यावं.

लाइटचा खेळही याच चार महिन्यांत जास्त. घरच्या इन्व्हर्टरवर गेमिंगचं मशीन टाकायचं असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा नसावा. चांगले एसएमपीएस त्यावर कुरकुरतात किंवा बंदच पडतात. बाजारातला नेहमीचा 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट देतो. आरटीएक्स 4060, 65 वॅटचा प्रोसेसर आणि मॉनिटर यांचं ओझं तो गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता पेलतो. 190 वॅटचं बी580 असेल तर तो काठावर येतो. कमी वॅटच्या कार्डाचा हा फायदा जाहिरातीत कधी येत नाही. बिलातही तो दिसतो: 185 वॅटचं जुनं आरएक्स 580 आणि 115 वॅटचं 4060 यांत 70 वॅटचा फरक, रोज तीन तास खेळलं तर वर्षाला जवळपास 77 युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी पावणेआठशे रुपये झाले. आणि जुन्या घरात अर्थिंग तपासून घ्यावं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिणी येत असेल तर कार्डाचे पैसे आधी वायरमनला द्यावेत.

बहुतेक नव्या कार्डांना तीन वर्षांची वॉरंटी असते, पण गंज चढलेलं किंवा पाणी गेलेलं कार्ड त्यात बसत नाही. परदेशातून परस्पर आलेल्या स्वस्त मालाला भारतात वॉरंटीच नसते, ते दुकानात आधी विचारावं. खोक्यावरचा आणि कार्डावरच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर काउंटरवरच जुळवून घ्यावा, तो बिलावर लिहून घ्यावा आणि दोन्हींचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. थर्मल कागदावरचं बिल ओलीत एका पावसाळ्यात कोरं होतं.